काचेतली कानबाई

खान्देशात जाऊन आले म्हटलं की पुण्यातली माणसं दोनच प्रश्न विचारतात. ऊन फार होतं का, आणि भरीत खाल्लंस का. मी गेले श्रावणात. त्यामुळे उन्हाचं उत्तर 'अधूनमधून' असं आहे आणि भरिताचं उत्तर 'नाही' असं. धुळ्याला पोचल्या पोचल्या मी खानावळीत भरीत मागितलं, तर वाढणाऱ्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चपला घालून देवळात शिरले होते. "चातुर्मास शे ना ताई," त्या म्हणाल्या. आमच्याकडेही चातुर्मासात वांगं खात नाहीत, पण ते पाळणारी पिढी आमच्या घरातून कधीच गेली. बाईंनी वरणात बट्टी चुरून, वर तुपाची धार धरून ताट पुढे केलं, आणि ते खाऊन मला जी गुंगी आली ती तसं पाहिलं तर पुण्याला परत येईपर्यंत उतरलीच नाही.

हे आधीच सांगितलेलं बरं. मी डुलकी घेणारी बाई आहे. बसमध्ये, सभेत, भिंतीला पाठ टेकली तर उभ्याउभ्यासुद्धा. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे त्यातलं काही पाहिलेलं आणि काही डोळा लागल्यावर दिसलेलं असेल. रोटाची गोष्ट मात्र पूर्ण जागेपणी घडली. तिला साक्षीदार आहेत.

धुळे, शुक्रवार

जुनी संग्रहालयं नव्यानं मांडून देणं हा माझा व्यवसाय. धुळ्यातल्या एका छोट्या कलासंग्रहालयाच्या विश्वस्तांनी मला बोलावलं होतं. पांझरा नदीपासून थोडं आत, कापसाच्या जुन्या जिनिंगच्या गोदामात हा संग्रह आहे. कधीकाळी एक डॉक्टर सायकलवरून गावोगाव फिरत, आणि बरे झालेले लोक त्यांना घरातली एखादी जुनी वस्तू देत. दगडी मूर्ती, काचेवर रंगवलेली चित्रं, पितळी दिवे, लाकडी मुखवटे. त्यातून हे सगळं उभं राहिलं. डॉक्टर गेले, वस्तू राहिल्या, आणि बघणारे हळूहळू यायचे थांबले.

गोदामाच्या छताला उंचावर काचा आहेत. त्यातून येणारा उजेड पांढरट, कापसासारखा, आणि त्यात धूळ इतकी सावकाश खाली येते की ती कधी जमिनीला टेकतच नसावी असं वाटतं. मी आत शिरले आणि मला वाटलं, इथे सगळेच दुपारचे झोपलेत. विष्णू झोपलाय, सप्तमातृका झोपल्यात, मुखवटे डोळे उघडे ठेवून झोपलेत. आपणही एका कपाटात जाऊन पडावं.

संग्रहालयाचं काम पाहतात ते भास्करनाना. निवृत्त शिक्षक, स्वच्छ पांढरा सदरा, बोलणं शुद्ध, मात्र घाई झाली की 'आहे'च्या जागी अहिराणी 'शे' निसटतं. त्यांनी मला एकेक कपाट दाखवलं. मी पुण्याहूनच बेत आखून आणला होता: वस्तू कमी, उजेड जास्त, अक्षरं मोठी. आजकालच्या माणसाला दोनशे वस्तू दाखवल्या तर तो एकही बघत नाही. दगडी मूर्ती दर्शनी दालनात ठेवायच्या, प्रत्येकीला मोकळी जागा द्यायची, आणि घरगुती सामान नीट बांधून मागच्या कोठारात न्यायचं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण तेव्हा मला तो बेत फार सुंदर वाटत होता.

कोपऱ्यातल्या एका कपाटापाशी मी थांबले. आत एक चौरंग, त्यावर एक जुना, काळा पडलेला नारळ. नारळाला चांदीचे डोळे, नाकात नथ, गळ्यात काळी पोत. पाठीमागे विटलेलं हिरवं लुगडं. पाटीवर लिहिलं होतं: 'कानबाई. लोकदेवता. लाकूड, चांदी, नारळ.' आमच्याकडच्या गौरींचे मुखवटे कसे गोरे, गुबगुबीत, नुकतेच न्हाऊन आल्यासारखे दिसतात. ही सावळी आणि जागरण झाल्यासारखी दिसत होती. अख्ख्या गोदामात हीच एक जागी होती म्हणा ना.

"ही कोठारात," मी नानांना म्हटलं. "आणि नाना, या काचेवर पिवळा डाग पडलाय. तेवढा पुसून घ्या."

नाना 'हो' म्हणाले आणि दुसऱ्या कपाटाकडे वळले.

धुळे, शनिवार

सकाळी मी मापं घेत होते. दाराशी चपला काढल्याचा आवाज आला आणि एक म्हातारी बाई आत आली. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. ती कुठल्याच मूर्तीकडे न बघता सरळ कोपऱ्यात गेली. पिशवीतून हळदीकुंकवाची कोयरी काढली, बोट बुडवलं, आणि काचेवर, बरोबर कानबाईच्या कपाळासमोर, टेकवलं. पिवळ्या डागाचा उलगडा झाला.

"यमुनाअक्का," नाना हळूच म्हणाले. "असोद्याच्या. कानबाई बसायच्या आदल्या दिवशी दर वर्षी येतात."

असोदा म्हणजे जळगावला लागून. तिथून ही बाई बस बदलत धुळ्याला येते, काचेला हळद लावते आणि परत जाते. मी जवळ गेले, तेव्हा ती कानबाईशी बोलत होती. माहेरच्या माणसाशी बोलावं तसं. पाऊस कसा आहे, कोणाच्या घरी काय झालं. तिचं असोद्याला लग्न होऊन आयुष्य गेलं, पण बोली अजून धुळ्याकडचीच होती. असोद्याची बोली वेगळी, तिथे सगळे तिला त्यावरून चिडवतात, हे मला नंतर कळलं.

मी कोण हे नानांनी सांगितलं. अक्कांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हाई मना मायेरनी कानबाई शे," त्या म्हणाल्या. "मना भाऊले पोरसोर नई व्हतं. तेना मांगे कोन धरी तिले? म्हनीसन त्यानी आठे दिन्ही."

म्हणजे भावामागे तिला पुजणारं कोणी नव्हतं, म्हणून ती इथे आली. "तुम्ही का नाही नेली, अक्का?"

त्या हसल्या. लहान मुलानं विचारल्यावर हसतात तसं. "लगीन व्हयनं ते पोर दुसरा कुळनी व्हस. मी मना सासरनी कानबाई धरस. मायेरनी कशी धरू?"

मग मी एक मूर्खपणा केला. नवीन मांडणीबद्दल त्यांना उत्साहानं सांगितलं. कोठार कसं कोरडं असेल, पेटी कशी पक्की असेल, वाळवी कशी लागणार नाही. अक्का ऐकत होत्या, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"अंधारामा ठेवशात तिले?"

मी मापाची फीत गुंडाळू लागले. "नका ठेवू ताई," त्या म्हणाल्या. "आठे निदान मानसं तरी दिसतस तिले. वरीसमा एक दिन मी दिसस." मग पदर नीट केला आणि एकदम विचारलं, "तुम्ही कानबाई बशेल देखी का कधी?"

"नाही."

"मंग उद्या असोद्याले या. पहिले देखा. मंग घाला पेटीमा."

असोदा, रविवार

श्रावणातल्या नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात कानबाई बसते, हे मला पुस्तकातून माहीत होतं. असोद्याला उतरले आणि पुस्तकातलं सगळं विसरले. गावात घराघरांत केळीचे खांब उभे होते. ऊन पडे, सर येई, पुन्हा ऊन. ओल्या केळीच्या पानांवरून उजेड घसरत होता आणि गल्लीत तळणाचा वास भरला होता.

अक्कांच्या सुनेनं, सुरेखानं, मला थेट स्वयंपाकघरात बसवलं. ती जळगावची, तोंडाची फटकळ, मनाची मोकळी. कानबाईच्या डोक्यावर फुलोरा टांगतात. कणकेची वेणी, फणी, आरसा, करंज्या, सगळं तळून. माझ्याकडे फणी आली. मी केलेल्या फणीचे दात तळताना गळून पडले. "ताई, ही फणी टकल्या माणसाला द्या," सुरेखा म्हणाली, आणि सगळ्या बायका हसल्या.

चौरंगावर कानबाई बसली. लाल साडी, नथ, कमळाची फुलं, चांदीचे डोळे. काचेतली तीच, पण कोणी तरी तिला हाक मारून उठवल्यासारखी. बायका गात होत्या, फुगड्या घालत होत्या, एक आजीबाई बसल्या जागी खांदे हलवून नाचत होत्या. मी संग्रहालयात वीस पावलांवरून वस्तू कशी दिसते याचा विचार करणारी बाई. इथे वीस पावलं मागे जायला जागाच नव्हती.

गंमत म्हणजे घरात सगळे नैवेद्यापर्यंत उपाशी. आमच्याकडे उपास म्हणजे साबुदाणा, वरी, बटाटा, दाण्याची आमटी. इथे उपास म्हणजे उपास. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे खरोखरच चांदीचे डोळे चमकू लागले. जरा वारं घ्यावं म्हणून मी मागच्या अंगणात गेले.

तिथे कोपऱ्यात एक वेगळी छोटी चूल होती. शेजारी ओट्यावर ताट, त्यावर फडकं. फडक्याखालून गूळ आणि तुपाचा वास येत होता. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा असं म्हणतात. इथे तर कोंडा नव्हता, चांगली जाडजूड, खरपूस पोळी होती, कणकेतच गूळ मळलेला. एकटीच. मला वाटलं, पहिली बिघडलेली पोळी बाजूला ठेवतात ना, तीच असणार. मी अर्धी मोडली आणि खाल्ली. खरं सांगते, इतकं चांगलं मी बऱ्याच वर्षांत काही खाल्लं नव्हतं.

"ताई!" मागून सुरेखा ओरडली. "ते काय खाल्लं तुम्ही?"

क्षणात अंगण बायकांनी भरलं. काय झालं ते मला तुकड्यातुकड्यानं समजलं. कानबाईच्या नैवेद्याची ही पोळी, हिला रोट म्हणतात. घरातल्या प्रत्येकाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे, दळायचे, त्याच पिठाचा रोट. आणि तो खायचा फक्त त्या कुळातल्या माणसांनी. बाहेरच्याला देत नाहीत. जावयाला नाही, पाहुण्याला नाही, इतकंच काय, लग्न होऊन गेलेल्या पोटच्या लेकीलाही नाही.

"पण घरचा रोट तर आत देवापाशी आहे," सुरेखा कपाळावर हात मारून म्हणाली. "हा अक्कांच्या माहेरचा."

अक्का दर वर्षी त्यांच्या भावाच्या घरच्या नावानं एक रोट करत. सासरच्या चुलीवर दुसऱ्या कुळाचा रोट कसा करायचा, म्हणून अंगणात वेगळी चूल. तो खायला त्या कुळात कोणी उरलं नव्हतं. अक्का स्वतः खाऊ शकत नव्हत्या, त्या परक्या कुळात गेलेल्या. मग सोमवारी तो तसाच पाण्यात सोडायचा. भाऊ गेल्यापासून दर वर्षी तसाच.

माझ्या तोंडातला गोडवा कडू झाला. जी कानबाई मी पेटीत बंद करायला निघाले होते, तिचाच रोट मी चोरून खाल्ला होता. मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

अक्का आल्या. बायका बाजूला झाल्या. त्यांनी ताटातला अर्धा रोट पाहिला, माझ्या ओठाला लागलेलं तूप पाहिलं.

"तुनं लगीन व्हयेल शे का?" अक्कांनी विचारलं.

'तुम्ही'वरून त्या 'तू'वर आल्या होत्या. मला वाटलं, आता शिव्या बसणार. "नाही," मी म्हटलं. "मी लग्न नाही केलं."

"नई व्हयनं?"

"नाही अक्का."

अंगणात कुजबुज झाली. ती आजीबाई, बसल्या जागी नाचणारी, दारातूनच म्हणाली, "मंग काय अडचन हाये? कवारी पोर घरचीच ऱ्हाते."

लग्न न झालेली मुलगी बापाच्या कुळातलीच. तिला रोट चालतो. फक्त बाप कोणता एवढाच प्रश्न होता, आणि तो अक्कांनी तिथल्या तिथे सोडवला. त्या चुलीपाशी खाली बसल्या, माझा हात धरून मलाही बसवलं आणि उरलेला अर्धा रोट माझ्या हातात ठेवला.

"मना भाऊनी आंडेर शे तू," त्या म्हणाल्या. आंडेर म्हणजे लेक. "खाय. त्याना घरनं मानूस आज जेवनं."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसतही होत्या. मी खाल्ला. मलाही रडू आवरेना, त्यामुळे घास नीट गिळता येईना, आणि सुरेखा पाण्याचा तांब्या घेऊन माझ्या डोक्यावर उभी. पन्नाशी ओलांडल्यावर अविवाहित असण्याचा असा उपयोग होईल हे माझ्या आईच्या स्वप्नातही आलं नसतं. तिनं माझ्यासाठी इतके उंबरे झिजवले होते.

असोदा ते यावल, सोमवार

सकाळी कानबाई निघाली. अक्कांच्या मुलानं, प्रमोदभाऊंनी, चौरंग डोक्यावर घेतला. गल्लीगल्लीतून असे चौरंग बाहेर पडत होते आणि गावाबाहेरच्या पाण्याकडे जात होते. आरत्या झाल्या, बायकांनी रीतीप्रमाणे ओटीभर वाळू घरी न्यायला घेतली.

अक्का पाण्याच्या काठाशी रिकामं ताट घेऊन उभ्या होत्या. दर वर्षी त्या ताटात रोट असे. आज सोडायला काही नव्हतं. त्यांनी ताट पाण्यात नुसतंच विसळलं, पुन्हा विसळलं, मग छातीशी धरून ठेवलं. हातांना सवय असते, ती अशी एका दिवसात जात नाही. मी जवळ जाऊन उभी राहिले.

दुपारी प्रमोदभाऊंनी आम्हाला यावलकडच्या केळीच्या बागेत नेलं. बाग त्यांनी वाट्यानं केली आहे. तापी ओलांडली की उत्तरेला सातपुडा दिसतो, निळा, भिजलेला, आकाशापासून वेगळा काढता न येणारा. बागेत गेलं की तोही दिसत नाही. वर हिरवं, खाली हिरवं, उजेडसुद्धा हिरवा. पानं वाऱ्यानं फाटतात तेव्हा कोणी तरी शेजारच्या खोलीत कापड फाडतंय असं वाटतं. केळीच्या पानावर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा आणि कालच्या गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी खाल्ली, आणि माझा डोळा लागला.

मला दिसलं ते असं. संग्रहालयाचं दार उघडं होतं आणि वस्तू एकेक करून बाहेर पडत होत्या. दिवे पुढे, मुखवटे मागे. काचेवरची चित्रं काखेत धरून बायका चालल्या होत्या. त्या सगळ्या धुळ्याच्या बस स्थानकावर आल्या आणि फलाटावर बसल्या. मी प्रत्येकीला विचारत होते, तू कुठली, तू कोणाकडची? एक पितळी दिवा म्हणाला, गाव आठवतं, घर आठवत नाही. दुसरा म्हणाला, घर आठवतं, पण तिथे आता दुसरीच माणसं राहतात. बस येत होत्या आणि जात होत्या. कोणीच चढत नव्हतं. मला इतकं वाईट वाटलं की मी झोपेतच हुंदका दिला.

जाग आली तेव्हा अक्का पदराच्या टोकानं माझ्या तोंडावरच्या माश्या उडवत होत्या.

"काय देखं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांना त्यात नवल वाटलं नाही. "घर नई ऱ्हायनं ते काय व्हयनं," त्या म्हणाल्या. "कोनी इचारनारं तरी पाहिजे, तू कोननी शे म्हनीसन."

धुळे, मंगळवार

विश्वस्तांची बैठक गोदामातच, सप्तमातृकांच्या समोर भरली. चहा, केळीचे वेफर्स आणि तीन ज्येष्ठ गृहस्थ. मी पुण्याहून आणलेला बेत गुंडाळून बाजूला ठेवला आणि म्हटलं, तो चुकला. कानबाई कोठारात जाणार नाही. ती मधल्या दालनात येईल. आणि वर्षातून एका रविवारी तिची काच उघडायची, तिला इथेच बसवायचं, अंगणात चूल मांडायची, रोट करायचा.

मग नाना म्हणाले, "ताई, हे संग्रहालय आहे. देऊळ नव्हे. चांदी जुनी, नारळ जुना. धूर लागला, ठिसूळ झाला, फुटला, तर?"

त्यांचं बरोबर होतं. मी म्हटलं, दिवा लांब ठेवू, चूल बाहेर ठेवू, नारळाला हात फक्त नाना लावतील. पण एक गृहस्थ वेगळ्याच चिंतेत होते.

"एकीला काच उघडून दिली," ते म्हणाले, "तर उद्या सगळेच येतील. हा दिवा आमच्या आजोबांचा, तो मुखवटा आमच्या गावचा. मग?"

"येऊ देत की," मी म्हटलं. "कोणी येत नाही म्हणूनच मला बोलावलंत ना?"

ते गृहस्थ वेफर हातात धरून विचारात पडले. वस्तू कोणी परत मागणार नव्हतंच, निदान बहुतेक जण नाही. लोकांना आपली वस्तू कुठे आहे ते बघायचं असतं, तिच्याबद्दल दोन गोष्टी सांगायच्या असतात. आपण पाटीवर 'लाकूड, चांदी, नारळ' लिहितो आणि ते सांगायचं राहून जातं. मला हे आधी सुचलं नाही याची लाज वाटत होती, आणि आता सुचलंय याचा आनंदही.

एक वर्ष करून पाहू, असं ठरलं. बैठक उठल्यावर मी कोपऱ्यात गेले. काचेवरचा पिवळा डाग तसाच होता, शनिवारच्या हळदीनं आणखी गडद झालेला.

"नाना, पुसला नाहीत?"

नाना चष्मा पुसत होते. "बाकीची काच पुसतो," ते म्हणाले. "तेवढं दर वर्षी राहून जास."

धुळे, पुन्हा श्रावण

पुढचं वर्ष कामात गेलं. दगडी मूर्ती आहेत तिथेच राहिल्या. घरगुती वस्तू पुढे आल्या आणि प्रत्येकीच्या पाटीवर एक प्रश्न आला: 'ही तुमच्याकडची आहे का?' खाली मोकळी जागा. पहिले काही आठवडे ती मोकळीच राहिली. मग साक्रीकडून एक आजोबा आले आणि एका मुखवट्यापुढे अर्धा दिवस बसून तो घालून नाच कसा करायचा ते सांगून गेले. मग एक शिक्षिका आल्या, मग त्यांची आई. गर्दी म्हणावी अशी नाही. पण आता दाराशी चपला असतात.

नागपंचमी झाली आणि मी पुण्याहून निघाले. कोणी विचारलं कुठे, तर मी म्हटलं, घरी कानबाई आहे. तोंडातून सहज गेलं.

असोद्याची कानबाई आदल्या रविवारी होऊन गेली होती, म्हणून इथली त्यापुढच्या रविवारी ठेवली होती. गोदामात केळीचे खांब उभे होते. छतावरून तोच कापसासारखा उजेड येत होता आणि नानांनी दोन्ही हातांनी, श्वास रोखून, नारळ काचेबाहेर काढला. अक्कांनी कानबाईच्या प्रत्यक्ष कपाळाला हळद लावली. मधे काच नव्हती म्हणून त्यांचं बोट जरा थबकलं, मग टेकलं. सुरेखानं फुलोरा बांधला. त्यात मी केलेली फणी होती, या वर्षी दातांसकट. शहरातल्या ओळखीच्या, अनोळखी बायका आल्या, गायल्या. मुखवट्यांच्या कपाटासमोर फुगड्या झाल्या.

अंगणात तीन विटांची चूल होती. अक्कांनी सव्वा मूठ गहू मोजून आणले होते, माझ्या नावाचे. एका माणसाचं कुळ, एकच रोट. आरती झाली तशी त्यांनी मला चुलीपाशी पाटावर बसवलं, ताट पुढे ठेवलं आणि समोर बसल्या. मी पहिला घास घेतला. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"चव कशी लागस?"

"गोड आहे अक्का."

"ते माले मालूम शे. गूळ मीच टाका." त्या जरा पुढे सरकल्या आणि आवाज खाली आणला. "मनी माय करे, तशी लागस का? लगीन व्हयनं तधळपासून मी चाखी नई."

त्यांच्या आईला मी कधी पाहिलं नव्हतं. मी आणखी एक घास घेतला, डोळे मिटले आणि सावकाश चावला. गव्हाचा, गुळाचा, धुराचा वास होता. कोण्या बाईनं पांझरेकाठच्या एका घरात, लेक लहान असताना, असाच रोट केला असेल आणि तिला मांडीवर घेऊन भरवला असेल.

"हो अक्का," मी म्हटलं. "तशीच लागते."

अक्कांनी ताटातला उरलेला रोट माझ्याकडे सरकवला.

"मंग सारा खाय, बेटा," त्या म्हणाल्या. "पानीमा टाकाले काई उरू देऊ नको."